गंजचा डावा मोजा

गंजच्या डाव्या मोज्याखाली काय आहे, या एका प्रश्नावर चार कमावती, शहाणीसुरती माणसं दर रविवारी सकाळी हमरीतुमरीवर येत. जागा ठरलेली होती. चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, मागची डोळे तपासायची खोली, समोरच्या भिंतीवर खाली खाली बारीक होत जाणारी अक्षरं. चष्मेवाला तपासणीच्या उंच खुर्चीवर बसे, कारण खुर्ची त्याची होती. बाकीचे तिघे स्टुलांवर.

गंज हा कॉमिकमधला खलनायक. त्याचा उजवा तळवा लागला की लोखंडाचा भुगा होई. पूल, तिजोऱ्या, तुरुंगाचे गज, काहीही. उजवा हात कायम उघडा, डाव्यात मात्र कोपरापर्यंत चामड्याचा काळा मोजा. तो मोजा त्याने आजवर एकाही अंकात काढला नव्हता. उघडा हात इतका भयंकर, तर झाकलेला केवढा असेल? गंजला दरवेळी हरवणारा एक नायकही होता, पण या खोलीत त्याचं नाव कुणी फारसं काढत नसे.

आता खुद्द गंजवरच सिनेमा येत होता. नायकाचा पत्ता नाही, नुसता गंज, आणि तो असा कसा झाला त्याची गोष्ट. ट्रेलरच्या शेवटी त्याची बोटं मोज्याच्या कडेला लागत आणि पडदा काळा होई. त्या काळ्या पडद्यावर चौघांनी इतका काथ्याकूट केला होता, की मास्तर म्हणत, अख्खा सिनेमा काळाच दाखवला तरी आपले पैसे वसूल.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. समोरच्या फुटपाथला त्यांचं दुकान. बोलणं कमी, कारण तोंडात बहुतेक वेळ टाचण्या. बाई शाळेत भूमिती शिकवत आणि सिद्धतेशिवाय कुणाचं काही मान्य करत नसत. चौथा केमिस्ट, शेजारच्याच औषधाच्या दुकानातला, सगळ्यांत लहान. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं मास्तर त्याच्या तोंडावर सांगत.

या मंडळींचा नियम एकच. गंजबद्दल कुणाला काही नवं कळलं, तर ते सगळ्यांना एकदम सांगायचं. एकेकाला गाठून सांगायचं नाही. मागे मास्तरांनी एका अंकाचा शेवट फक्त केमिस्टला सांगितला होता, तर बाईंनी पुढे कित्येक रविवार दोघांशी अबोला धरला. तेव्हापासूनचा हा नियम.

चष्मेवाल्याला नवं कळलं ते घरातच. तो आणि त्याची धाकटी बहीण दुकानाच्या वरच राहत. धाकटी सिनेमातले आवाज करते. पडद्यावर माणूस चालतो तेव्हा बंद खोलीत ही चालते, त्याने दार लावलं की ही लावते, त्याच्या कोटाची सळसळ हिच्या हातातल्या कापडाची असते. गंजच्या सिनेमाचं काम त्यांच्याच स्टुडिओत आलं होतं. कुठे चकार शब्द काढणार नाही, असं सगळ्यांकडून लिहून घेतलेलं. एकदा तिने वडिलांचे मोटारसायकलवर घालायचे जुने चामडी हातमोजे मागून नेले. काही दिवसांनी त्याने जेवताना सहज विचारलं, "मोजे उपयोगी पडले का गं?"

"मोज्याचा आवाज झक्क झाला," ती म्हणाली. ती दमली होती आणि तिचं लक्ष ताटाकडे होतं. "हातापाशीच अडलं. आतला हात साधा आहे रे दादा. तुझ्यामाझ्यासारखा. साध्या हाताला आवाज काय देणार?"

मग तिचा घास हातातच राहिला. "हे तू ऐकलं नाहीस."

"काय ऐकलं नाही?" तो म्हणाला, आणि दोघं हसले.

रविवारी त्याने ते तिघांना सांगितलं. नियमाप्रमाणे, सगळ्यांना एकदम. त्या वेळी त्याला वाटलं की आपण नियमच पाळतोय. बाई म्हणाल्या, "म्हणजे झाकण्यासारखं काही नव्हतंच. केवढी भीती फुकटात मिळवली त्याने." मास्तरांनी मान हलवली. केमिस्टने गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

पुढच्याच आठवड्यात, एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना चष्मेवाल्याचा फोन वाजला. गंजच्या चाहत्यांचं एक पेज होतं, त्यावरची ताजी पोस्ट केमिस्टने तिघांना पाठवली होती. 'मोज्याखाली साधा हात आहे. आतल्या गोटातून पक्की बातमी.' खाली भांडणांचा खच. पोस्टबरोबर केमिस्टने लिहिलं होतं, 'हे कसं काय?'

हे कसं काय ते तू सांग, असं चष्मेवाल्याच्या मनात आलं. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, कान दुखतोय." त्याने फ्रेमची काडी नको तितकी आवळली होती.

संध्याकाळी धाकटी पायरीवरच बसली, बूट न काढता.

"आमचे सगळ्यांचे फोन जमा केलेत," ती म्हणाली. "ज्याच्याकडून फुटलं त्याला काढणार. नुसतं काढणार नाहीत, दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही अशी व्यवस्था करणार. साहेबाने सगळ्यांसमोर सांगितलं." तिने बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. "दादा, तू कुणाला बोलला नाहीस ना?"

"मी? मी कुणाला बोलणार?"

"नाही ना?"

"नाही."

तिने त्याच्याकडे पाहिलं. पाठ केलेला तक्ता वाचणारी माणसं चष्मेवाला रोज पाहत असे. नोकरीसाठी दाखला हवा असतो, नजर अधू असते, मग शेवटची ओळ बाहेर बाकावर बसून घोकून येतात. डोळा अक्षरावर ठरतच नाही, तोंड आपलं पुढे धावतं. आपण हे हमखास ओळखतो, असा त्याला अभिमान होता. धाकटीपुढे मात्र त्याने स्वतःचे डोळे पुसायला चष्मा काढला.

खोटं तर बोलून झालं होतं. आता स्टुडिओच्या आधी आपण चोर पकडायचा, म्हणजे निदान त्याचं तोंड तरी बंद करता येईल, असं त्याने ठरवलं. संशयाला माणसं तीनच होती. केमिस्टवर पहिला, कारण तो बडबड्या. मग वाटलं, इतका सरळ संशय येणारा माणूस करेल का? बाई? त्यांचे विद्यार्थी दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसलेले. मास्तर? मास्तर गप्प असत, आणि गप्प माणसाच्या पोटात काय असतं कुणी पाहिलंय?

त्याने सापळा लावला. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगायच्या. पेजवर जी उगवेल, तिचा मालक चोर.

डोळ्यांचे थेंब घ्यायचं निमित्त करून तो केमिस्टकडे गेला. "सीन बदललाय म्हणे. साधा हात नाही ठेवलेला. तळव्यावर नाव गोंदलंय, त्याच्या मेलेल्या भावाचं. हे फक्त तुला सांगतोय."

"बाईंना नाही?"

"नाही."

"मास्तरांनाही?"

"सांगितलं ना, फक्त तुला."

केमिस्टने थेंबाची बाटली पिशवीत घातली, परत काढली, पुसली आणि पुन्हा घातली. एवढा मान त्याला त्या खोलीत कधी मिळाला नव्हता.

मास्तरांना पँटची उंची कमी करताना सांगितलं. डाव्या हाताला शेवटची दोन बोटंच नाहीत. मास्तर गुडघ्यावर बसले होते, तोंडात टाचण्या. त्यांनी वर पाहिलं आणि एकदा मान डोलावली. बस.

बाई चष्म्याचा नंबर तपासायला आल्या तेव्हा काय सांगावं ते त्याने ठरवलंच नव्हतं. हातात लाकडी पट्टी होती, तिच्याकडे बघून तो म्हणून गेला, "सीन बदललाय. लाकडाचा हात आहे."

"आणि आपला नियम?" बाई म्हणाल्या.

"नियम आहेच हो. पण त्या दोघांना यातलं मर्म काय कळणार?"

बाईंचे कान लाल झाले. "तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि तक्त्याची शेवटची ओळ त्यांनी चुकीची वाचली.

मग चष्मेवाला डोळ्यांत तेल घालून ते पेज पाहू लागला. काचा घासताना, गिऱ्हाइकाला 'हे स्पष्ट की हे स्पष्ट' विचारताना, एक डोळा फोनवर. पेजवर लोक एकमेकांची अक्कल काढत होते. पण ना नाव उगवलं, ना बोटं, ना लाकूड.

काही उगवलं नाही म्हणजे कुणी चोर नाही, असा याचा सरळ अर्थ होता. पण संशयाला सरळ अर्थ पचत नाही. चष्मेवाल्याला वाटलं, यांना सापळ्याचा वास लागला.

रविवारी तर त्याची खात्रीच पटली. बोलता बोलता मोज्याचा विषय निघाला आणि तिघंही एकदम गप्प झाले. एरवी ज्या विषयावर स्टुलं आपटली जात, त्यावर कुणी ब्र काढेना. बाई तक्ता वाचू लागल्या. केमिस्टने तोंडावर चक्क हात ठेवला. प्रत्येकजण आपापलं गुपित जिवापाड सांभाळतोय, हे चष्मेवाल्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की तिघं एक झालेत आणि तो एकटा आहे.

दोन दिवसांनी त्याने दुकानाच्या काचेतून पाहिलं. समोर केमिस्ट पंजा पसरून उभा होता आणि मास्तर त्याभोवती टेप धरून होते. चष्मेवाला बाहेर आला तशी टेप मास्तरांच्या खिशात गेली.

"काय चाललंय?"

"काही नाही," केमिस्ट म्हणाला. तोंडात तीळ न भिजणारा केमिस्ट.

मास्तर रस्ता ओलांडून आले. इकडची तिकडची दोन वाक्यं झाल्यावर म्हणाले, "तुझ्या बहिणीचा हात साधारण केवढा आहे रे?"

"कशाला?"

"असंच."

चष्मेवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. बहिणीचा हात यांना कशाला हवा? मोज्यांचा आवाज तिने केला, हे कुणाला पटवून द्यायचंय? त्या संध्याकाळपासून त्याने धाकटीला मागच्या दाराने यायला सांगितलं.

"का रे?"

"पुढे रस्ता खणलाय."

तिने खिडकीतून रस्ता पाहिला. रस्ता जागेवर होता. हल्ली ती त्याच्याशी मोजकंच बोले, आणि बोलताना त्याच्या तोंडाकडे पाही, जणू ओठ एक सांगतात आणि आवाज दुसराच येतोय.

त्यातच बाई जुन्या अंकांचा गठ्ठा घेऊन एकट्याच आल्या. "हे बघ. इथे तो पुलावरून डाव्या हातावर पडतो. तोंडावर वेदनेची एक रेघ नाही. इथे मशाल जवळ येते, तर आधी डावा हात मागे घेतो. आणि इथे पाण्यात पडल्यावर डावी बाजू वर तरंगते. लाकूड. पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर होतं आणि आपण आंधळे."

चष्मेवाल्याने चित्रं निरखली. खरोखरच डावी बाजू वर होती. पट्टीकडे बघून मारलेली थाप, आणि तिला एवढे पुरावे. क्षणभर त्याला वाटलं, शेंडी आपल्यालाच लावलेली नसेल ना? धाकटीने मुद्दाम खोटं सांगून आपली परीक्षा घेतली असेल तर? संशय एकदा घरात शिरला की तो काही जोडे बाहेर काढून ठेवत नाही.

मग एका दुपारी धाकटी लवकर आली, पुढच्या दाराने, गिऱ्हाईक बसलेलं असताना.

"संपलं," ती म्हणाली. "चौकशी बंद. ते पेज सिनेमाच्या कंपनीचंच निघालं. जाहिरात खात्याने आपणच टाकलं. खरं सांगून टाकलं की निम्म्यांना पटत नाही, मग लोक भांडतात, आणि भांडण म्हणजे फुकट जाहिरात. आम्हाला सांगायचं राहून गेलं म्हणे." ती हसली, पण ते हसू वरवरचंच. "आम्ही इतके दिवस एकमेकांचे डबेसुद्धा संशयाने बघत होतो."

चष्मेवाल्याच्या हातातली भिंगाची पेटी टेबलावर टेकली. ती वर जायला निघाली आणि जिन्यात थांबली.

"दादा, सॉरी. मला वाटलं होतं तूच कुठेतरी बोललास. सगळा वेळ तसंच वाटत होतं."

"असू दे गं," तो म्हणाला. "होतं असं."

ती माफी घेताना तो शरमला, पण त्याने ती घेतली. खरं सांगायची वेळ तीच होती, आणि पुढे भिंगाचा नंबर सांगायला गिऱ्हाईक बसलेलं होतं. निदान स्वतःला त्याने कारण ते दिलं.

चोरच नव्हता, तर आता तिघांच्या डोक्यात तीन खोट्या गोष्टी उरल्या होत्या. सिनेमाच्या आदल्या दिवशी तो मास्तरांना सगळं सांगून टाकायला गेला. कापायच्या टेबलावर पाच मोजे मांडलेले होते. काळं चामडं, पाचही डाव्या हाताचे.

"आलास? उद्यासाठी ठेवणार होतो गुपित," मास्तर म्हणाले. "केमिस्टचं माप परत परत घ्यावं लागलं, बोटं वाकडी लेकाची. हा तुझ्या बहिणीचा, अंदाजाने केलाय. आवाज तिने दिलाय ना, मग पहिला मान तिचा."

चष्मेवाल्याने एक मोजा उचलला. त्याची शेवटची दोन बोटं टणक लागली.

"तो माझा," मास्तर म्हणाले. त्यांनी आवाज उतरवला, दुकानात दुसरं कुणी नसताना. "दोन बोटांत कापूस भरलाय. उद्या तो मोजा काढेल तेव्हा मी पण काढणार. कुणाला कळणार नाही. तुला आणि मला सोडून."

चष्मेवाल्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिथेच विरलं. "छान झालाय," तो म्हणाला.

सकाळचा पहिला खेळ. पायऱ्यांवर डाव्या हातात काहीबाही घातलेली माणसंच माणसं, कुणी लोकरीचे मोजे, कुणी भांडी घासायचे रबरी. खऱ्या चामड्याचे फक्त या पाचांकडे. लोक वळून बघत होते. केमिस्ट हात खिशात घालेना.

"मास्तर, तुमची दोन बोटं अशी ताठ का?" बाईंनी विचारलं.

"संधिवात," मास्तर म्हणाले आणि चष्मेवाल्याकडे बघून डोळा मिचकावला.

ओळीच्या कडेला चष्मेवाला बसला. त्याच्या शेजारी केमिस्ट, मग मास्तर, मग बाई, आणि पलीकडच्या टोकाला धाकटी. सिनेमा चांगला होता. निदान बाकीचे माना पुढे काढून पाहत होते. चष्मेवाल्याला पडद्यापेक्षा ओळ जास्त दिसत होती.

शेवटी गंज आरशासमोर उभा राहिला. सगळं थेटर चिडीचूप. आधी चामड्याचा आवाज आला, सुकलेला, किंचित करकरणारा, वडिलांच्या मोज्यांचा. तो चष्मेवाल्याने लगेच ओळखला. मग मोजा पडला आणि त्याखाली हात होता. साधा. पाच बोटं, नखं वाढलेली. त्या हाताला कसलाच आवाज नव्हता.

केमिस्ट वाकून पडद्याकडे बघत राहिला. "नाव कुठंय?" तो पुटपुटला.

"कसलं नाव?" मास्तर म्हणाले. त्यांनी आपला मोजा अर्धा काढला होता. "दोन बोटं नसणार होती ना."

"बोटं?" बाई म्हणाल्या. "हात लाकडाचा होता. सीन बदलला होता ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिघं वळून ओळीच्या कडेकडे पाहू लागले. पडद्याच्या उजेडात चष्मेवाल्याला तीन चेहरे दिसले. त्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिथे नुसतं गणित सुटल्यासारखं काहीतरी होतं.

"म्हणजे पहिलं सांगितलं तेच खरं होतं," बाई हळू म्हणाल्या.

"पहिलं कधी?" पलीकडून धाकटीने विचारलं.

बाई खोटं बोलत नसत. "ती पोस्ट आली त्याच्या आधी. एका रविवारी. तुझ्या दादानेच सांगितलं. आम्ही कुणाला बोललो नाही हं, शप्पथ."

धाकटी मागे टेकली. आता ती त्याला दिसेना, मध्ये तीन माणसं होती. पडद्यावर गंज चालत गेला. तिची पावलं.

नावं वर सरकू लागली तसे दिवे लागले. लोक उठून बाहेर पडत होते. हे पाच बसून राहिले, कारण तिचं नाव यायचं होतं. बारीक अक्षरांत, खूप खाली, ते आलं. बाईंनी मोजा काढून मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. केमिस्टने वाजवल्या. मास्तरांनी कापूस भरलेला मोजा खिशात कोंबला आणि वाजवल्या. चष्मेवालाही वाजवू लागला, जोरात, बाकीच्यांहून जास्त वेळ.

ती उभी राहिली होती. तिघांच्या डोक्यांवरून तिने त्याच्या हातांकडे पाहिलं.

"मोजा काढ दादा," ती म्हणाली. "ऐकू येत नाहीये."

तो ओढू लागला. मास्तरांचं माप कधी चुकत नसे. मोजा सहजासहजी निघेना, आणि धाकटी दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती.